पल्स : स्पंद, स्पंदन की ठोका?

लेन्सवाला : दिवाळी अंकासाठी २०२३च्या भौतिकीच्या नोबेलवर लेख लिहिलाय, अ‍ॅटोसेकंद लेझरचा (अ‍ॅटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा अब्जांश). पल्सला, म्हणजे क्षणभर चमकून विझणाऱ्या प्रकाशाला, मी सगळीकडे 'प्रकाशाचा स्पंद' लिहिलं, संपादकबाईंनी सरसकट 'स्पंदन' केलं. म्हणे, स्पंद कुणी बोलत नाही. अडचण अशी की २००१मध्ये विजेत्यांपैकी आगोस्तिनींच्या गटाने २५० अ‍ॅटोसेकंदांच्या पल्सची रांग मिळवली आणि त्याच वर्षी दुसरे विजेते क्राउस यांच्या गटाने ६५०चा एक सुटा पल्स वेगळा काढला. सगळी मजा त्या 'सुट्या'त आहे. स्पंदन म्हटलं की मला चालू असलेली धडधड ऐकू येते. रांगेला ठीक, सुट्याला काय म्हणायचं?

पाटीपेन्सिल : झोत.

लेन्सवाला : झोत बॅटरीचा. बटण दाबून ठेवलं की येतच राहतो.

सातारी कंदी : ठोका म्हणा की! काळजाचा ठोका चुकतो तेव्हा एकच चुकतो. घड्याळाचे ठोके मोजता येतात. संस्कृतच्या दारात कशाला उभं राहायचं?

पाटीपेन्सिल : 'लेझरने आर्गॉनला ठोका दिला' असं वाचून पोरं हसतील.

सातारी कंदी : हसू देत, लक्षात तरी राहील. 'स्पंद' वाचून झोपतात.

खर्जातला : मला विज्ञान बेताचंच कळतं, पण तिसऱ्या विजेत्या अ‍ॅन लुईलिए यांचं १९८७चं काम वाचून तंबोरा आठवला. अवरक्त लेझर निष्क्रिय वायूतून सोडला तर मूळ कंपनाच्या कित्येक पटींची कंपनं बाहेर पडली. हा तर स्वयंभू गंधार! तार षड्जाची, आणि न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो.

लेन्सवाला : जवळपास तसंच. लेझरचं क्षेत्र अणूतला इलेक्ट्रॉन उपटून बाहेर नेतं, उलटतं तेव्हा परत अणूवर आणून आपटतं. आपटताना जास्तीची ऊर्जा अतिनील प्रकाश होऊन सुटते. अशा पुष्कळ पटी मेळात आल्या की अ‍ॅटोसेकंदांचा... ठोका.

सातारी कंदी : 😀

विपळवेडा : मुळात अ‍ॅटोसेकंदच कशाला? आपल्याकडे पळ, विपळ होतेच. आणि अ‍ॅटो हे 'अत्यल्प'वरून आलेलं दिसतंय, बघा.

लेन्सवाला : नाही हो. डॅनिश-नॉर्वेजियन 'आटन' म्हणजे अठरा, दशांशचिन्हानंतर अठराव्या घरातला एक. फेम्टोसुद्धा त्यांच्या पंधरावरून. आणि पळ म्हणजे २४ सेकंद, विपळ ०.४. तेवढ्यात प्रकाश पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घालून येईल!

विपळवेडा : अठरा म्हणजे अष्टादश. घराणं एकच, मग मी फार चुकलो नाही.

पाटीपेन्सिल : लेझर, आर्गॉन, इलेक्ट्रॉन मुकाट्याने घेतलेत ना? मग पल्स घ्या आणि मोकळे व्हा.

सातारी कंदी : तो पल्स की ती पल्स? आमच्या डॉक्टरांकडे 'ती' लागते.

लेन्सवाला : अजून एक. १९८५चं स्ट्रिकलंड आणि मूरू यांचं तंत्र : पल्स आधी लांबवायचा, म्हणजे तीव्रता उतरते आणि वर्धक (प्रकाशाची ताकद वाढवणारा भाग) जळत नाही, मग त्याची ताकद वाढवायची, शेवटी पुन्हा आवळायचा. लांबवलेल्याला इंग्रजीत 'चर्प्ड' म्हणतात, चर्प म्हणजे पाखराचा आवाज. संपादकबाईंनी केलंय 'किलबिलते स्पंदन'.

खर्जातला : अरेरे! त्यात तांबडा पुढे, निळा मागून येतो ना? म्हणजे कंपनसंख्या खालून वर न तुटता सरकते. ती मींड. 'मींडेचा स्पंद' लिहा.

पाटीपेन्सिल : ज्याला मींड माहीत नाही त्याने काय करायचं?

खर्जातला : गाणं ऐकायचं.

विपळवेडा : शिवाय किलबिल थव्याची असते. एकट्या चिमणीची चिवचिव.

सातारी कंदी : आमच्याकडे चिमणी चिरकते पण. आजी म्हणायची, 'साप दिसला वाटतं, चिमणी चिरकतेय.'

पाटीपेन्सिल : चिरकतो तो आवाज, वयात येणाऱ्या पोराचा. चिमणी नाही.

सातारी कंदी : तुम्ही साप बघितलेली चिमणी ऐकलीच नाही मग.