चिपमंकला 'पट्टेरी खार' म्हणावं का?

प्रश्न : मुलांसाठी प्राण्यांवरचा मजकूर मराठीत आणते आहे. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या चिपमंकसाठी 'पट्टेरी खार' लिहिलंय. चालेल ना?

– माझ्या मते नाही. 'पट्टेरी खार' वाचलं की आपल्या मुलांसमोर अंगणातली खारूताईच येणार. रामाने पाठीवरून बोटं फिरवल्याची गोष्ट त्यांना तोंडपाठ असते. आपल्याकडे पाठीवर तीन पांढऱ्या पट्ट्यांची खार आहे, पाच पट्ट्यांचीही आहे. मग 'पट्टेरी' म्हणून वेगळं काय सांगितलं?

चिपमंकची खरी खूण तोंडावर असते. डोळ्यावरून एक गडद रेघ जाते, तिच्या वर आणि खाली फिकट रेघा. आपल्या खारीच्या तोंडावर अशा रेघा नसतात. चिपमंकच्या पाठीच्या मधोमध एक काळी रेघ आणि दोन्ही कुशींवर एकेक पांढरट पट्टा, त्याला वरखाली काळी किनार. अशा काळ्या रेघा एकूण पाच. पण त्या शेपटीपर्यंत पोचत नाहीत. मागचा भाग नुसता तांबूस. शेपटीही झुबकेदार नाही, आणि पळताना ती ताठ उभी असते. वजन साधारण 100 ग्रॅम. एवढ्याशा जिवाचं हे रूप एका विशेषणात कोंबू नका.

– आमच्या कोकणात खारीला 'चानी' म्हणतात. तो शब्द घेता येईल?

– चानी फार गोड शब्द आहे, पण तो आपल्या खारीचाच राहू द्या. झाडावरची चानी ऐकलेल्या मुलाला बिळात राहणारा चिपमंक त्या नावाने ओळखू येणार नाही.

– गालांबद्दल कुणीच बोललं नाही! चिपमंकच्या गालांत आतून पिशव्या असतात. दाणे भरले की गाल टम्म फुगतात. त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे : तोबरा. शास्त्रीय नावातलं 'टॅमियास'सुद्धा ग्रीकमधलं, अर्थ कोठावळा. आणि आपल्या खारीचं 'फुनाम्बुलस' म्हणजे लॅटिनमध्ये दोरीवरून चालणारा. नावं देणाऱ्यांनी दोघांकडे किती नीट पाहिलं असेल!

– मग नाव 'चिपमंक'च ठेवते, आणि पहिलं वाक्य असं : 'चिपमंक हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा छोटा प्राणी. त्याच्या पाठीवर पट्टे असतात, तसे तोंडावरही असतात, आणि दाणे मिळाले की तो गालांचा तोबरा भरून बिळाकडे पळतो.'

– 'छोटा'च्या जागी 'मुठीएवढा' करा.