अमेरिकेत घोड्यांचे कत्तलखाने बंद, मग घोडे जातात कुठे?

डॅलसकर: आमच्याजवळच्या कॉफमनमधे आधी घोड्यांचा कत्तलखाना होता म्हणे, २००७ मधे टेक्सासमधले दोन आणि इलिनॉयमधला एक असे तिन्ही बंद झाले. इथे कोणी घोडा खात नाही, मग हे मांस जायचं कुठे? आणि बंद करून घोडे वाचले का खरंच?

खोगीरभरती: मांस युरोप-जपानला जायचं. जपानात कुमामोतोला तर घोड्याचं कच्चं मांस खातात, बासाशी. वाचले वगैरे काही नाही हो, ट्रकात भरून मेक्सिको नाहीतर कॅनडाला पाठवायला लागले, म्हणजे मरण तेच फक्त वर शेकडो मैलांचा प्रवास, आणि तिकडे अमेरिकेचे नियमही चालत नाहीत.

ढवळ्यापवळ्या: आपल्याकडच्या भाकड गाईंसारखंच झालं की! कापायचं नाही ठीक, पण म्हाताऱ्या जनावराला पोसणार कोण? चारा काय फुकट येतो?

मीनल_व्हेट: एक मुद्दा राहिलाच. अमेरिकेतले घोडे खाण्यासाठी वाढवलेले नसतात, त्यांना फेनिलब्युटाझोन नावाचं पेनकिलर सर्रास देतात आणि ते दिलेला प्राणी माणसाच्या खाण्यात येता कामा नये. २०१५ पासून युरोपने मेक्सिकोतून येणारं घोड्याचं मांस बंद केलं ते उगाच नाही. घोडा फारच थकला असेल तर व्हेटला बोलवून घरीच शांत मरणाचं इंजेक्शन द्यावं, पुढे पुरायचा खर्च येतो तो मालकाने करावा, हौस केलीये ना?

डॅलसकर: शेवटचं पटलं. शेजाऱ्याकडे दोन आहेत, विचारतो त्याला