मदत हवी आहे : देल तोरोचा 'पिनोकिओ' मुलांना दाखवावा का? घरात दोन तट पडलेत

जुळे_सोलापूरची

नमस्कार मंडळी. आमच्या इथे चार-पाच घरं मिळून रविवारी रात्री एखादा सिनेमा बघतो. मागच्या रविवारी गिएर्मो देल तोरोचा 'पिनोकिओ' लावला (२०२२चा, नेटफ्लिक्सवरचा, बाहुल्यांचा स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुल्या जराजरा हलवून एकेक चौकट टिपलेला). सिनेमा संपला आणि जे भांडण पेटलं ते कडक भाकरी आणि शेंगाचटणी संपली तरी मिटेना. एका गटाचं म्हणणं, लहानपणीच्या गोष्टीची वाट लावली, बाँब काय, दारू काय, मुसोलिनी काय! दुसरा गट म्हणतो, मुलांसाठी याहून चांगलं काही बनलेलंच नाही, उद्याच दाखवा.

आता सुट्टी लागलीय. पुतणे, भाचरं, शेजारची पोरं धरून डझनभर तरी होतील, वयं सहा ते तेरा. सगळी "पिनोकिओ, पिनोकिओ" करून मागे लागलीत, कारण मोठ्यांचं भांडण त्यांनी दाराआडून ऐकलंय.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी (पुढे कथा फुटते, बघा बुवा): जेपेत्तो नावाच्या सुताराचा खरा मुलगा कार्लो पहिल्या महायुद्धात चर्चवर बाँब पडून मरतो. बरीच वर्षं दुःखात आणि दारूत बुडालेला म्हातारा एका रात्री, पूर्ण झिंगलेला असताना, झाड तोडून बाहुला कोरतो. तो जिवंत होतो, पण मरत मात्र नाही. मेला की खाली मृत्यूकडे जातो, वाळूचं घड्याळ रिकामं होईपर्यंत थांबतो आणि परत येतो. दर खेपेला थांबायचा वेळ वाढतो. हे सगळं मुसोलिनीच्या इटलीत. शेवट इथे सांगत नाही, पण पोरं रडणार हे नक्की.

मला मदत हवी आहे ती अशी. कोणत्या वयापासून दाखवावा? कोणत्या प्रसंगांना सांभाळावं लागेल? डिस्नेचा जुना आधी दाखवावा का? आणि सर्वात अवघड म्हणजे आमचे सासरे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, निवृत्त शिक्षक. त्यांना बाँबबिंबचं काही वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "अंधार चालेल गं, पण ही गोष्ट पोरांना उलटं शिकवते." आणि उठून गेले. त्यांना काय सांगू?

रिळवाला

ताई, व्यवहाराचं आधी. आठच्या खालची पोरं या खेळाला नकोत. सिनेमा ११७ मिनिटांचा आहे आणि पहिल्या काही मिनिटांतच ते चर्च उडतं. तेव्हा एकदम "मज्जा आहे पोरांनो" म्हणत लावू नका. "याचा मुलगा गेलेला आहे" हे आधीच सांगून टाका. मुलांना मरणापेक्षा अचानकपणा जास्त लागतो, हा माझा अनुभव.

सांभाळायचे प्रसंग: बाहुला कोरतानाचा म्हातारा. तो प्रसंग सरळ भुताच्या सिनेमासारखा घेतलाय, अंधार, वीज आणि कुऱ्हाड. नंतर जेपेत्तो रागाच्या भरात पोराला "तू ओझं आहेस" म्हणतो तिथे. तिथे बाँब नाही, काही नाही, पण माझी मुलगी त्याच वाक्याला हमसून रडली. पाताळातले पत्ते कुटणारे काळे ससे बघून मात्र पोरं हसतात, काळजी नको.

आणि एक करा. नेटफ्लिक्सवरच 'हँडकार्व्हड सिनेमा' नावाचा अर्ध्या तासाचा माहितीपट आहे, हाच सिनेमा कसा बनवला त्याचा. सिनेमा संपल्यावर लगेच तो लावा. बाहुल्यांच्या डोक्यात बारीक यंत्रं बसवलीत, पिनोकिओचे चेहरे मात्र थ्रीडी छापून एकेक बदललेत, एका सेकंदाला चोवीस चौकटी हिशोबाने माणसं तासन् तास बाहुली केसभर हलवतायत, हे पाहिलं की भीती जाते आणि दुसऱ्या दिवशी घरात मोबाइल आणि चिकणमाती घेऊन धिंगाणा सुरू होतो. मार्क गुस्ताफसन हा सहदिग्दर्शक, बाहुलीपटातला मुरलेला माणूस. श्रेय देताना सगळे त्याला विसरतात म्हणून लिहिलं.

कन्ना_चौक

"मूळ गोष्टीची वाट लावली" म्हणणाऱ्यांनी मूळ गोष्ट वाचलीय का बे? लोक मूळ म्हणतात ती १९४० सालची डिस्नेची. मूळ इटालियन लेखक कार्लो कोल्लोदीने १८८१ मध्ये मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः लिहायला घेतली तेव्हा पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर पिनोकिओला ओकच्या झाडाला फाशी देतात आणि तिथे गोष्ट संपते. संपलीच होती! वाचकांची मागणी आली म्हणून पुढे चालू झाली, १८८३ मध्ये पुस्तक आलं. तो शहाणपण शिकवणारा रातकिडा? पिनोकिओ हातोडा फेकून त्याला भिंतीवरच चिरडतो, चौथ्याच प्रकरणात. शेगडीवर पाय ठेवून झोपतो आणि पाय जळून जातात. गाढव झाल्यावर कातड्याचा ढोल करायला विकत घेणारा गिऱ्हाईकही भेटतो.

बरं, डिस्नेचा तरी कुठे गोड आहे? गाढवं होणारी पोरं आईला हाका मारतात, त्यांना पेट्यांत भरतात आणि त्यांचं पुढे काय झालं हे सिनेमा सांगतच नाही. आपण लहानपणी बघून आलो आणि विसरलो. देल तोरोने काळोख आणला नाही, काळोख तिथे होताच. तेव्हा "डार्क रिमेक" हे बिरूद मला मान्य नाही.

आज्जीचा_नातू

आपल्याकडची चिलया बाळाची गोष्ट कुणी "डार्क" म्हणून बंद केली का? अतिथीच्या रूपात शंकर येतो, पोराचं मांस मागतो, आई चांगुणा त्याचं डोकं उखळात कांडते आणि वर गाणं म्हणते. शिवलीलामृतात आहे. माझ्या आज्जीने मी पाच-सहा वर्षांचा असताना सांगितली, स्वतः रडली, मला रडवलं, आणि शेवटी चिलया हाक मारल्यावर धावत आला तेव्हा दोघं मिळून जेवलो. मेलेलं पोर परत येणं आपल्याला काही नवीन नाही.

होम_मैदान

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होमाला बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, मंगळसूत्र-जोडवी घालून सिद्धरामेश्वरांच्या कथेतली कुंभारकन्या म्हणून अग्नी देतात. बापाच्या खांद्यावर बसून गावातली तीन-तीन वर्षांची पोरं ते बघतात. कुणाला रात्री स्वप्नं पडल्याचं ऐकलं नाही. पोरांना सोबत असली की पुरतं.

रिळवाला

@होम_मैदान, मान्य, पण तिथे आजूबाजूला हजारो माणसं असतात आणि पोराला पुढे काय होणार ते दरवर्षी माहीत असतं. पडद्यावर तसं नाही. म्हणून आठ वर्षांची अट सोडत नाही.

जुळे_सोलापूरची

सगळ्यांचे आभार. वरचं सगळं अण्णांना वाचून दाखवलं. चिलयाचं ऐकून ते हसले. म्हणाले, "या पोराने माझंच म्हणणं सिद्ध केलं की! चिलया आज्ञेत राहिला. कोल्लोदीचा बाहुलाही शेवटी वळणावर येतो, बापासाठी राबतो, शाळेचं महत्त्व त्याला कळतं, म्हणून खरा मुलगा होतो. या नव्यात तो वळणावर येतच नाही, उलट बाकीचेच बदलतात. भीती वाटते की नाही हा प्रश्नच नाही." खरं सांगू, मला यावर बोलता आलं नाही. आमच्या रविवारच्या गटात दोन तास भांडून कुणीच हा मुद्दा काढला नव्हता. सगळे फक्त अंधारावर भांडत होते.

कन्ना_चौक

अण्णांनी बरोबर दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंय. दिग्दर्शकानेही लपवलेलं नाही, आज्ञाभंग हा गुण आहे असं तो मुलाखतींतून उघड बोललाय. तोच तर मोठा बदल आहे. पुस्तकात आळशी पोरं मौजेच्या गावाला जातात आणि गाढवं होतात. इथे ते मौजेचं गावच नाही, त्या जागी पोरांना सैनिक बनवायचं शिबिर आहे, आणि तिथे शिस्तीत रांगेत उभी राहणारी पोरंच मरणार असतात. गावचा अधिकारी पिनोकिओवर खूश का होतो, तर हा मरत नाही, म्हणजे उत्तम शिपाई. त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा मुलगा बापाचं सगळं ऐकतो, आणि त्याची अवस्था बघा. अशा जागी आज्ञा पाळणं म्हणजे काय, हे सिनेमा विचारतो.

पण "उलटं शिकवतो" हे पूर्ण पटत नाही. शाळा बुडवून सर्कशीच्या मालकाबरोबर जाण्याची किंमत पिनोकिओ मोजतोच. दुसऱ्यांदा जातो तो बापावरचं ओझं कमी व्हावं, घरी पैसे पाठवता यावेत म्हणून. आणि शेवटी तो जो नियम मोडतो तो मृत्यूचा, बापाला वाचवायला. हे उनाडपण नाही.

आणि अण्णांना माझा नमस्कार सांगून एवढं विचारा. मे १९३० मध्ये आपल्या सोलापूरने इंग्रज सरकारचा हुकूम मोडला, मार्शल लॉ सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी झाली. शिक्षक म्हणून त्यांनी दर १२ जानेवारीला पोरांना या चौघांच्या पुतळ्यांपाशी नेलं असेलच. तिथे पोरांना आज्ञेत राहायला शिकवत होते का?

गरोनवाला

उशिरा आलोय. माझी तक्रार वेगळीच आहे आणि ती इथे कुणी करेना म्हणून करतो.

कोल्लोदीचं पुस्तक मुळात भुकेचं आहे. पोराला भूक लागते, घरात काही नसतं, बापाने स्वतःसाठी ठेवलेली तीन नासपती देतो, पोरगं आधी साली नको म्हणतं आणि मग साली, देठाकडचा गाभा, सगळं चाटून पुसून खातं. बाप थंडीत अंगावरचा कोट विकून अंकलिपी घेतो आणि विचारल्यावर "उकडत होतं म्हणून विकला" म्हणतो. गिरण्या बंद पडलेल्या बघितलेल्या माणसाला, ज्याच्या आईने विड्या वळून वह्या आणल्या त्याला, हे समजावून सांगावं लागत नाही. शाळा ही तिथे नुसती "वळण" नाही अण्णा, ती त्या घरातून बाहेर पडायची एकमेव वाट आहे. म्हणून ती बुडवणं हे पाप आहे.

देल तोरोच्या सिनेमात ही भूक जवळजवळ नाही. त्याचा जेपेत्तो दुःखी आहे, गरीब असला तरी गरिबी ही त्याची अडचण नाही. भाकरीच्या जागी युद्ध आलं, हा माझ्या मते फार मोठा तोटा आहे, आणि सिनेमाच्या कौतुकात तो बुडून जातो. सिनेमा सुंदर आहे. चर्चमध्ये पिनोकिओ क्रुसाकडे बोट दाखवून विचारतो, हाही लाकडाचाच, मग हा सगळ्यांना आवडतो आणि मी का नाही? असं वाक्य वर्षात एखाद्या सिनेमात सापडतं. २०२३चं ऑस्करही योग्यच मिळालं. पण तो देल तोरोचा सिनेमा आहे, कोल्लोदीचा कमी.

माझा सल्ला: मातेओ गरोनचा २०१९चा इटालियन 'पिनोकिओ' मिळवा. जिवंत नटांचा आहे, जेपेत्तो झालाय रोबेर्तो बेनिन्यी. सुरुवातीलाच हा माणूस खानावळीत जाऊन धडधाकट टेबल-खुर्च्यांत खोट काढतो, कारण दुरुस्तीचं काम मिळालं तर जेवण मिळेल. पोरं हसतील आणि अण्णांना गलबलून येईल. २०२२चाच झेमेकिसचा डिस्नेवाला मात्र पूर्ण टाळा, तो कुणासाठी बनवलाय हे बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसावं.

आज्जीचा_नातू

@गरोनवाला, त्यात जनावरांच्या चेहऱ्यांची माणसं आहेत, ती गोगलगाय बाई वगैरे. माझ्या भाच्याला देल तोरोच्या सशांपेक्षा त्यांचीच भीती वाटली. हे लक्षात घ्या.

जुळे_सोलापूरची

अण्णांचं उत्तर, जसंच्या तसं: "त्या चौघांनी हुकूम मोडला तो कशासाठी मोडतोय हे कळून. आधी वळण, मग बंड. सात वर्षांच्या पोराला बंड आधी दाखवलं तर ते आंघोळीला नाही म्हणतं, बाकी काही नाही." यावर माझा सहा वर्षांचा पुतण्या खरोखरच आंघोळीला नाही म्हणून पळाला, त्यामुळे पुढची चर्चा झाली नाही.

कोट विकल्याचं वाचल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, हे पुस्तक मी वाचून दाखवतो.

तर ठरलं ते असं. नऊ आणि त्यावरच्या मुलांना देल तोरोचा, मी आणि माझे दीर दोघं सोबत बसणार, मध्ये एकदा थांबवणार, नंतर तो माहितीपट. छोट्यांना त्याच वेळी बाहेरच्या खोलीत अण्णा मूळ गोष्ट सांगणार, रातकिड्यासकट. गरोनचा मोठ्यांच्या रविवारी. इंग्रजी सबटायटल पोरांना झेपत नाहीत, ते मीच मराठीत बोलत जाईन. मुसोलिनी कोण हे एका वाक्यात कसं सांगायचं, कुणी सुचवेल का?

कन्ना_चौक

"स्वतःचं ऐकायला लावायचा आणि न ऐकणाऱ्याला तुरुंगात टाकायचा." सिनेमात पिनोकिओ त्याच्यासमोर शी-शूचं गाणं म्हणतो, बाकी पोरांना आपोआप कळतं.

गरोनवाला

नऊवाल्यांनाही आधी ती नासपतीची गोष्ट ऐकवा ताई. एवढं माझं ऐका.

रिळवाला

छोट्यांच्या खोलीचं दार नीट लावा. आतून तो बाँबचा आवाज आला की अण्णांची गोष्ट तिथेच संपेल.