५० खाटांच्या रुग्णालयासाठी जागा: तीनपैकी कोणती, आणि आधी काय तपासायचं?

नवा_विश्वस्त

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेला लोकवर्गणीतून ५० खाटांचं रुग्णालय उभारायचं आहे, पुढे १०० पर्यंत न्यायचा विचार आहे. सुरुवातीला ओपीडी, प्रसूती, दोन ऑपरेशन थिएटर, एक्स-रे आणि लॅब. समोर तीन जागा आहेत.

अ – दीड हेक्टर, देणगी म्हणून फुकट. ओढ्याला लागून, वस्तीपासून ६ किमी.
ब – हमरस्त्यालगत १.२ हेक्टर, विकत. रस्त्याला दुभाजक आहे.
क – भरवस्तीत ०.६ हेक्टर, विकत. पूर्वी तिथे कापड रंगवण्याचा कारखाना होता.

बहुतेकांचा कल 'अ'कडे आहे, पैसे वाचतात म्हणून. जागा नेमकी किती लागते? इसार देण्याआधी कोणत्या तपासण्या करायच्या, आणि कोणत्या क्रमाने?

आराखडेवाला

आधी क्षेत्रफळाचा हिशेब करा, निम्मा वाद तिथेच मिटेल.

या आकाराच्या रुग्णालयाला खाटेमागे साधारण ८० ते १०० चौ.मी. बांधकाम धरतात, भिंती, व्हरांडे, जिने सगळं त्यात आलं. ९० धरलं तर १०० खाटांना ९,००० चौ.मी. हिशेब १०० खाटांचाच करायचा, कारण शेजारची जमीन नंतर त्याच भावात मिळत नाही. तळमजला अधिक एक मजला म्हटलं तर जमिनीवर ४,५०० चौ.मी. इमारत. तिने जागेचा ३० टक्क्यांहून जास्त भाग व्यापू नये, बाकीच्यात पार्किंग (ये-जा धरून गाडीमागे २५ चौ.मी.), इमारतीभोवती फायर ब्रिगेडची गाडी फिरेल असा ६ मी. रस्ता, सांडपाणी प्रक्रिया, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, टाक्या, ऑक्सिजन आणि कचऱ्याची खोली बसवायची असते. म्हणजे दीड हेक्टर.

याच मापाने 'ब'वर तीन मजले होतात आणि 'क'वर पाच. पाच मजले म्हणजे लिफ्टशिवाय पान हलत नाही. स्ट्रेचरचा रॅम्प १:१२ उताराचा लागतो, म्हणजे ४ मी. उंचीच्या एका मजल्याला ४८ मी. रॅम्प, मधले टप्पे वेगळे.

'पुढे वर मजले चढवू' हे बैठकीत फार सोपं वाटतं. चालू थिएटरच्या डोक्यावर बांधकाम म्हणजे हादरे, गळती आणि धूळ. त्या धुळीतून अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू पसरतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांच्या फुप्फुसाला संसर्ग होतो. त्यापेक्षा आडवी वाढ बरी. त्यासाठी राखलेल्या पट्ट्यात मात्र ट्रान्सफॉर्मर, सेप्टिक टँक, मोठ्या पाइपलाइन असलं काहीही घालू नका. जागा मोकळी दिसली की नेमकं तेच तिथे जाऊन बसतं.

मुरूम_ते_खडक

'अ'बद्दल लिहितो, कारण फुकट जागेची तपासणी कोणी नीट करत नाही.

'१०० वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत ती २६ टक्क्यांवर जाते, चारात एक. घराला कदाचित चालेल. रुग्णालयासाठी ५०० वर्षांची पूररेषा, म्हणजे दर वर्षी ०.२ टक्के, धरावी. जोतं त्याच्या वर हवंच, पण येण्याचा रस्ताही वर हवा. इमारत कोरडी आणि पूल पाण्याखाली, तर रुग्णवाहिका पलीकडेच उभी. तळघरातल्या यंत्रांचं काय होतं ते २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन रुग्णालयात दिसलं: तळघरात पाणी शिरलं, पर्यायी वीज गेली आणि सुमारे ३०० रुग्ण रातोरात हलवावे लागले.

नकाशा हातात येईपर्यंत टेप घेऊन ओढ्याकाठी जा. कुंपणाच्या काटेरी तारांत अडकलेला पालापाचोळा, झाडाच्या बुंध्यावर गाळाची फिकट रेघ, शेजारच्या भिंतीचं ठरावीक उंचीपर्यंत फुगलेलं प्लास्टर. जमिनीपासूनची उंची मोजून फोटोसह नोंदवा. जमीन दाखवणारा 'इथं पाणी येत नाही' म्हणत असला तरी.

मग खड्डे. चारही कोपऱ्यांत आणि मध्ये, ३ मी. खोल. जेसीबीला एक दिवस पुरतो. खड्ड्याच्या कडेचे थर पाहा: विटांचे तुकडे, प्लास्टिक, राख दिसली की तो भराव समजा. उन्हाळ्यात भेगा पडणारी, ओली झाली की बुटाला चिकटून वर येणारी काळी माती असेल तर ती फुगणारी आहे. अशा मातीवर हलक्या भिंतींना तिरक्या भेगा जातात आणि जमिनीखालच्या पाइपांचे सांधे सुटतात. माती काढून मुरूम भरणं किंवा अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर कंद असलेले, खोल जाणारे काँक्रीटचे खांब) हे उपाय आहेत, पण खर्च पायातच वाढतो. एखादी जागा पक्की होऊ लागली की इमारतीच्या ठिकाणी पाच-सहा बोअर १० ते १५ मी. खोल घ्या, दर दीड मीटरला एसपीटी (ठोके मारून मातीची घट्टता मोजायची चाचणी). एका बोअरवर भागवू नका. २० मीटर बाजूला खडक एकदम खोल गेलेला असू शकतो.

आता 'फुकट'ची किंमत. इमारत आणि आवार धरून ५,००० चौ.मी. जागा दीड मीटर उचलायची तर ७,५०० घनमीटर भराव. दाबल्यावर माती बसते, म्हणून सुटी माती साधारण ९,००० धरा. १० घनमीटरच्या डंपरच्या ९०० खेपा. २५ सेंमीचे थर देऊन प्रत्येक थर दाबला नाही तर दोन पावसाळ्यांत रस्ते खचतात. आणि तुमच्या जागेवर थांबणारं पाणी शेजाऱ्याच्या शेतात जातं, ते भांडण वेगळं.

'क'चं थोडक्यात: रंगाच्या कारखान्याखाली जड धातू आणि सॉल्व्हंट मुरलेले असू शकतात. माती आणि भूजल दोन्हींचे नमुने घ्या. उडून जाणाऱ्या रसायनांची वाफ फरशीतून वर येते, वरून काँक्रीट ओतून प्रश्न मिटत नाही. जुने हौद आणि गटारं कुठे होती ते शोधून नमुने तिथलेच घ्यायचे.

चौकोन

मग 'ब' घेऊन मोकळे व्हा की. हमरस्ता, सगळ्यांना दिसणारी जागा, अजून काय हवं?

रस्ता_वाहतूक

@चौकोन, दिसणं आणि पोहोचणं यात दुभाजक आहे. त्याला समोर पंक्चर (गाडी वळवायला सोडलेली फट) नसेल आणि यू-टर्न २ किमी पुढे असेल, तर पलीकडून येणाऱ्याला ४ किमी जादा. ताशी ४० च्या वेगाने ६ मिनिटं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तेव्हा ही ६ मिनिटं फार असतात. पंक्चर किंवा सेवा रस्ता मिळेल, याचं रस्ते विभागाकडून लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल'वर व्यवहार करू नका.

प्रवासाचा वेळ नकाशाच्या अ‍ॅपवर मोजू नका. बाजाराच्या दिवशी, सकाळच्या गर्दीत आणि भर पावसात, प्रत्येक मोठ्या वस्तीपासून गाडी चालवून मोजा. बस थांबा ४००-५०० मीटरच्या आत हवा, ओपीडीचे बहुतेक लोक रुग्णवाहिकेतून येत नाहीत.

आवाजही बघा. वॉर्डात रात्री ३० डेसिबल ही जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा. हमरस्त्याला खेटून ती पाळता येत नाही. वॉर्ड मागे, ओपीडी आणि पार्किंग पुढे, असा आराखडा 'ब'च्या खोलीत बसतो का ते आधी पाहा. फाटक ६ मी. रुंद, वर ५ मी. मोकळं, तिथे कमान बांधायचा मोह टाळा. इमर्जन्सीचं दार ओपीडीच्या रांगेपासून वेगळं.

नवा_विश्वस्त

फार उपयोगी. पाणी, वीज? आणि देणगीदार लवकर सही करा म्हणतात, त्यांना काय सांगू?

आराखडेवाला

पाणी खाटेमागे दिवसाला ३४० ते ४५० लिटर. १०० खाटांना ४५,००० धरा, दोन दिवसांचा साठा म्हणजे ९०,०००, आगीचा साठा त्याशिवाय. बोअरवेलवर भिस्त असेल तर उन्हाळ्याच्या शेवटी सलग २४ ते ७२ तास पंप चालवून पातळी किती उतरते ते नोंदवा. दोन तासांची चाचणी फसवते. रोज ३६,००० लिटरच्या आसपास सांडपाणी निघेल. ते ओढ्यात सोडणार असाल तर परवानगीचं आधी बघा. वीज शक्यतो दोन वेगळ्या उपकेंद्रांतून. जागेवरून उच्चदाबाची तार जात असेल तर तिच्याखालचा पट्टा क्षेत्रफळातून वजा करा.

दस्तऐवज

देणगीच्या कागदावर अटी वाचा. 'रुग्णालय बंद पडल्यास जमीन वारसांकडे परत' किंवा 'अमुक वर्षांत बांधकाम न झाल्यास रद्द' असं कलम असेल तर बँक तारण घेत नाही, आणि बांधकाम तर हमखास लांबतं. सर्व वारसांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या मुलींच्याही. मालकीची साखळी ३० वर्षं मागे तपासा, मोजणी करून हद्दीच्या खुणा जागेवर रोवून घ्या, कोणाची पायवाट किंवा पाट जागेतून जातो का ते बघा. वहिवाटीचा हक्क कागदावर नसला तरी उभा राहतो. जमिनीचा वापर रुग्णालयासाठी मंजूर आहे का, हे आधी.

देणगीदाराला सांगा: सही करू, पण सशर्त करारावर. मुदत १२० दिवस, आणि पूररेषा, माती, पाणी, रस्ता, मालकी यांपैकी काहीही नापास झालं तर संस्था मोकळी. 'ब'च्या मालकालाही इसार याच अटीवर, परतीच्या कलमासह.

क्रम असा ठेवा: आधी कागद आणि पूररेषा, त्यात पैसे फार जात नाहीत, मग खड्डे आणि पाणी, बोअर आणि प्रयोगशाळेचे नमुने उरलेल्या एकाच जागेवर. गुणांचा तक्ता करायचा तर नापास जागा आधी काढा. नाहीतर 'फुकट'चे १० गुण पुराच्या शून्यावर मात करतात आणि तक्ता 'अ'च निवडून देतो.