मदत हवी आहे : मुले घडाघडा वाचतात, पण अर्थ लागत नाही

खाडीकाठ : माझ्या वर्गातील मुले कोणताही उतारा न अडखळता वाचतात, परंतु उत्तर देताना प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधून, तो ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवतात. ‘का’ असे विचारले की वर्ग गप्प होतो. चाचणी जवळ आली आहे, कृपया लवकर उपाय सुचवावा.

सुरंगी : इयत्ता कोणती, उतारा कशावर होता आणि मुले घरी कोणती भाषा बोलतात, हे आधी सांगावे.

अक्षरवेल : रोज एक पान शुद्धलेखन घ्यावे. माझ्या विद्यार्थ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ त्यामुळे पुष्कळ सुधारले.

खाडीकाठ : शुद्धलेखनाविषयी मी विचारलेले नाही. इयत्ता सातवी, देवगड तालुका, घरी मालवणी. उतारा दुष्काळातील चारा छावणीवर होता. ‘शेतकऱ्याने बैल छावणीत का नेले?’ याचे उत्तर कोणालाच देता आले नाही.

सुरंगी : वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलुखातील मुलांना वैरणीची टंचाई कशी ठाऊक असणार? रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी १९८८ मध्ये अमेरिकेत याच वयाच्या मुलांना बेसबॉलवरचा उतारा दिला, तेव्हा वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून केलेल्या मासेमारीवरचा, उतारा देऊन पाहा. तो समजला, तर अडचण वाचनाची नसून विषयाच्या माहितीची आहे.

निवृत्त बाई : हे मला अर्धेच पटते, कारण मुलांना कायम रापणीवरचेच देत राहिलो तर छावणी त्यांना कधीच कळणार नाही. पॅलिंसार आणि ब्राउन या संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत वापरावी : परिच्छेद वाचून थांबायचे, सारांश सांगायचा, स्वतः प्रश्न काढायचा, न कळलेले सोडवायचे आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. प्रथम हे शिक्षकाने मोठ्याने करून दाखवावे, मग मुलांनी आळीपाळीने गटाचे शिक्षक व्हावे. मात्र चाचणीपूर्वी हे साधेल अशी अपेक्षा ठेवू नये.

सुरंगी : बाई, माहितीच नसेल तर मुले प्रश्न कशाच्या आधारावर काढतील? आधी दहा मिनिटे छावणीबद्दल बोलावेच लागेल.

निवृत्त बाई : ते मान्य आहे, पण दहाच मिनिटे. उरलेला तास मुलांचा असावा.

खाडीकाठ : गटात बोलायचे म्हटले की मुले प्रमाण मराठीला बिचकतात. त्याचे काय करावे?

निवृत्त बाई : त्यांना मालवणीतच बोलू द्या. ‘बैल थंय कित्याक नेले?’ असे एका मुलाने दुसऱ्याला विचारले तरी तो ‘का’चाच प्रश्न आहे. उत्तर तोंडी पक्के झाले की प्रमाण मराठीत लिहून घ्यावे.