आई-आप्पा जुलैत बे एरियात येतायत: हवामान, कपडे आणि फ्रेझ्नोचे बेदाणे, सल्ला हवाय

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आई-आप्पा पहिल्यांदाच अमेरिकेत येतायत, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. आम्ही आत्ताच टेक्सास सोडून सॅन फ्रान्सिस्कोजवळ, बे एरियातल्या फ्रीमाँटला आलोय, त्यामुळे कॅलिफोर्नियाचा उन्हाळा आम्हालाही नवीनच आहे. आप्पांचं आयुष्य तासगावकडे द्राक्षबागेत गेलं, बेदाण्याचं शेड घरचंच. त्यांना गोल्डन गेटपेक्षा फ्रेझ्नोकडचे बेदाणे बघायची ओढ जास्त. आईला समुद्र बघायचाय आणि ती उंच झाडं. दोघंही सत्तरीच्या आसपास. आईला बीपीची गोळी चालू आहे, आप्पांचे गुडघे दुखतात.

बॅगा भरायला सुरुवात झालीय. मी स्वेटर घ्या म्हटलं तर आप्पा म्हणतात, "जुलैत कुठं स्वेटर लागतोय?" आणि शेजारच्या काकू सांगतात की इथं आतल्या भागात चाळिशी पार होते. दोन्ही खरं कसं? कुठं कधी न्यावं, काय घालावं, सगळंच सांगा.

धुक्यातला
ताई, दोन्ही खरं आहे, आणि एकाच दिवशी खरं आहे. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या अगदी पश्चिम टोकाला, समुद्राजवळ राहतो. शहरात जुलैचं सरासरी कमाल तापमान विशीच्या आसपास, आमच्या भागात त्याहून कमी. उन्हाळाभर सकाळी धुकं, दुपारी थोडा वेळ ऊन (कधी तेही नाही), चार-पाच वाजले की पुन्हा धुकं. शहरातले सगळ्यात उबदार दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात.

कारण समुद्रातच आहे. आपला कोकणचा समुद्र कोमट, म्हणून तिथले खारे वारे दमट असतात आणि घामाच्या धारा लागतात. इथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही 12-14 अंशांचं. वायव्येचा वारा किनाऱ्याला समांतर वाहतो, पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर सरकतं आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. त्यावरची हवा थंड होते आणि तिचं धुकं होतं. वर उबदार हवेचं झाकण असतं, त्यामुळे ते धुकं खालीच राहतं. पलीकडे सेंट्रल व्हॅली, म्हणजे डोंगरांमागचं मोठं खोरं, तापली की तिथला हवेचा दाब कमी होतो आणि ही गार हवा आत ओढली जाते. मधे डोंगरांची रांग आहे आणि तिला मोठी फट एकच, गोल्डन गेटची सामुद्रधुनी, जिच्यावर तो पूल आहे. म्हणून व्हॅलीत उष्णता वाढली की एक-दोन दिवसांत आमच्याकडे धुकं दाटतं. व्हॅली जरा निवली की आमच्याकडे ऊन पडतं.

पुलावर संध्याकाळी गेलात तर खालचा रस्ता धुक्यात बुडालेला आणि लाल मनोऱ्यांची टोकं तेवढी उन्हात, असं दिसू शकतं. फार सुंदर, पण वारा बोचरा. आई साडी नेसत असतील तर आत थर्मल, वर विंडचीटर, कानाला स्कार्फ आणि पदर पिन केलेला. आप्पांना स्वेटर आणि कानटोपी घ्यायला लावाच.

अल्टामाँटपलीकडे
मी ट्रेसीत राहतो, म्हणजे डोंगराच्या दुसऱ्या बाजूला. एखाद्या तापलेल्या जुलै दुपारी किनाऱ्यावरच्या पॅसिफिकाला 17, तुमच्या फ्रीमाँटला 28, लिव्हरमोरला 35 आणि माझ्या अंगणात 38, असा फरक मी कितीदा बघितलाय. अंतर फार नाही, मधे फक्त डोंगर आहेत. तेव्हा इथं कपडे कॅलेंडर बघून ठरवू नका, समुद्र किती लांब आणि मधे डोंगर आहे का ते बघा. फोनवर 'बे एरिया'चं हवामान बघून काही कळत नाही, ज्या गावाला जाणार त्याचंच नाव टाका.

580 रस्त्यावर अल्टामाँट खिंडीत पवनचक्क्यांचं रान लागेल, आप्पांना आवर्जून दाखवा. समुद्राकडून व्हॅलीत घुसणारा हाच वारा त्या फिरवतो, म्हणून त्या उन्हाळ्यात जास्त चालतात. तोच वारा उत्तरेकडच्या खाडीमार्गे सॅक्रामेंटोला संध्याकाळी पोचतो. त्याला तिकडे डेल्टा ब्रीझ म्हणतात. दिवसा 35-36 असलं तरी रात्री खिडक्या उघडून झोपता येतं.

हा वारा पडला की मात्र सांभाळा. सप्टेंबर 2022 च्या उष्णतेच्या लाटेत सॅक्रामेंटोला 46.7 अंश झालं होतं. किनाऱ्याकडच्या पुष्कळ घरांत एसी नसतो, म्हणून तिकडे 35 झालं तरी माणसं हैराण होतात. तुमच्या घरात एसी नसेल तर एका खोलीपुरता तरी आत्ताच घ्या, लाट आल्यावर दुकानांत मिळत नाही.

लिव्हरमोरच्या शिवा-विष्णू मंदिरात सकाळीच जा. दुपारी बाहेरच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालवत नाही.

सेल्माकर
आप्पांसाठी लिहितोय. मी फ्रेझ्नोच्या दक्षिणेला सेल्माजवळ राहतो. हा सगळा बेदाण्याचाच मुलूख.

आधी वेळेचं. जुलैत आलात तर फक्त हिरवे घड दिसतील. बेदाण्याची तोडणी ऑगस्टच्या शेवटाला सुरू होते आणि सप्टेंबरात सगळीकडे वाळवण पसरलेलं असतं. म्हणजे आप्पांचं परतीचं तिकीट नेमकं चुकीच्या वेळी आहे.

आपल्याकडे द्राक्षं कार्बोनेट आणि तेलाच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये जाळ्यांवर, सावलीत वाळवतात. इथं पारंपरिक पद्धतीत बुडवणंही नाही आणि शेडही नाही. दोन ओळींमधली माती सपाट करून तिला दक्षिणेकडे थोडा उतार देतात, त्यावर कागद अंथरतात आणि घड थेट उन्हात. ओळी मुद्दाम पूर्व-पश्चिम लावलेल्या असतात, म्हणजे कागदावर दिवसभर ऊन राहतं. दोन-तीन आठवड्यांत हिरव्याचा तपकिरी होतो. मधे घड पालथे करतात आणि शेवटी कागदाच्या गुंडाळ्या करून ठेवतात. गुडघ्यावर बसून बघण्यासारखं आहे, पण आप्पांसाठी एक घडीचं स्टूल आणा. आता बरेच जण वेलीवरच वाळवून यंत्रानं काढतात, तेही दाखवेन.

जात ऐकून आप्पा खूश होतील, थॉमसन सीडलेस. आपला तास-ए-गणेश तिच्यातूनच निवडलेला. आता इथं नव्या जातीही आल्यात, पण जुन्या बागा अजून थॉमसनच्या.

हे जमतं कारण मे ते सप्टेंबर इथं पाऊस जवळजवळ नसतोच. पश्चिमेचे डोंगर समुद्राची हवा अडवतात, पूर्वेला सिएरा नेवाडा, मधे आम्ही. तुमच्याकडे येणारी गार झुळूक आमच्यापर्यंत येईतो संपलेली असते. जुलैत सरासरी कमाल 37, रात्री मात्र विशीच्या आसपास उतरतं. बागांना पाणी येतं ते सिएराच्या वितळलेल्या बर्फाचं, कालव्यांतून, शिवाय जमिनीखालचं. आणि धास्ती इथल्या शेतकऱ्यालाही तीच, वाळवणावर अवकाळी सर येण्याची. सप्टेंबरात ढग दिसले की सगळे आभाळाकडे बघत असतात. आप्पांना ते वेगळं सांगावं लागणार नाही.

बाग खाजगी असते, न विचारता आत शिरू नका. माझ्या ओळखीच्या बागाईतदाराला मी विचारून ठेवतो.

औषधपेटी
वहिनी, आईंच्या बीपीच्या गोळीबद्दल. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, काहींनी उठताना चक्कर येते, आणि कोरड्या उन्हात हे वाढू शकतं. इथं घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. निघण्याआधी तिकडच्या डॉक्टरांना "चाळीस अंशांत फिरणार आहे" असं स्पष्ट सांगून विचारा. मनानं गोळी बंद करू नका.

दुसरी गोष्ट धुराची. उन्हाळ्याच्या शेवटी वणवे लागतात आणि धूर शेकडो मैल येतो. 9 सप्टेंबर 2020 ला भरदिवसा इथलं आकाश नारिंगी-काळं झालं होतं. रोज सकाळी एअरनाऊ या सरकारी संकेतस्थळावर हवेचा दर्जा बघायची सवय लावा, एन-95 मास्क घरात ठेवा. आकडा 150 च्या वर असेल तर वृद्धांना घेऊन बाहेर पडू नका, मग हॉटेलचे पैसे गेले तरी चालतील.

कृष्णाकाठ
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आप्पांना फोनवर कागदावरच्या वाळवणाचं वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "धूळ बसत नाही होय त्यावर?" स्वेटरचं मात्र आता पटलंय. परतीचं तिकीट सप्टेंबरच्या शेवटाला ढकलतेय.

एकच राहिलं. आईला समुद्रात पाय भिजवायचेत. कुठं नेऊ?

धुक्यातला
आमच्या ओशन बीचवर नको. इथं लाटा अचानक मोठ्या येतात, ओढही भयंकर आहे. दरवर्षी जीव जातात. कुठल्याही किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून उभं राहू देऊ नका.

सांताक्रूझला जा. तो किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे, वारा कमी लागतो आणि धुकंही दुपारपर्यंत बहुधा उठतं. पाणी तिथंही गारच, घोट्यापर्यंत पुरे. वाटेत फेल्टनजवळ हेन्री कॉवेल पार्कात जुन्या रेडवुडची सपाट, छोटी फेरी आहे, आप्पांच्या गुडघ्यांना झेपेल. म्युअर वुड्सला गाडी लावायला आधी आरक्षण लागतं, इथं ती कटकट नाही. ही झाडं उन्हाळा काढतात त्यात या धुक्याचा, पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचाही वाटा असतो. सकाळी झाडं, मग जेवण, मग समुद्र, असा क्रम ठेवा. परतताना 17 नंबरच्या घाटात वळणं आहेत, आईंना गाडी लागत असेल तर पुढे बसवा.

सेल्माकर
धुळीचं आप्पांनी बरोबर ओळखलं. कारखान्यात आधी खडे-काड्या निघतात, मग धुतात. तेही दाखवता येतं का बघतो.

लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीत येऊ नका, 99 नंबरच्या रस्त्यावर फार गर्दी असते. त्यानंतरच्या आठवड्यात मधल्या वारी या. आदल्या रात्री फ्रेझ्नोला मुक्काम करा आणि सकाळी सातला बागेत पोचा. अकराच्या आत माझ्या घरी, जेवण आमच्याकडे. तिखट किती चालतं तेवढं कळवा.