रिंग बदलण्याआधी फट मोजा

गाडीचा सेकंड गिअर टाकताना खरखर आली की ‘सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवून घेणारी पितळी कडी) गेली, नवी टाका, विषय संपला’ असं म्हणतात, आणि ते बऱ्याचदा खरं ठरतं. आंबा नाहीतर कुंभार्ली घाट रोजचा असेल तर सेकंडची रिंग आधी झिजणारच. पण गिअरबॉक्स उघडलाच आहे तर जुनी रिंग गिअरच्या कोनावर (निमुळत्या भागावर) हाताने दाबून बसवा आणि दोघांमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चहूबाजूंनी मोजा. ती मॅन्युअलच्या मर्यादेत असेल तर रिंग ठीक आहे, स्लीव्हचे (गिअरवर सरकणाऱ्या दातेरी कडीचे) दात आणि शिफ्ट फोर्क (ती कडी सरकवणारा काटा) बघा. (क्लच पूर्ण सुटतोय ना, हे बॉक्स उतरवण्याआधीच बघायचं असतं.)

आपल्याकडे आणखी एक भानगड, पाण्याची. चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आला तसल्या पुरात गाडी उभी राहिली असेल तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) पाणी आत जाऊन तेल दुधाळ होतं. तेल बदललं की ते दिसत नाही, पण बेअरिंगच्या रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यांवर) गंजाचे खड्डे राहतात. बेअरिंग डिझेलने धुऊन, पुसून, हाताने सावकाश फिरवा. जरा जरी कचकच लागली तरी बदला. कॉम्प्रेसरच्या हवेने गरगरवू नका. आणि मॅन्युअलमध्ये गिअर तेलाचा दर्जा जीएल-४ लिहिला असेल तर दुकानदार ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ देईल ते घेऊ नका, त्यातलं गंधक पितळी रिंगांना खाऊ शकतं.